सात दिवसांची मोजणी

“सात दिवस, सात दिवस. कुठले सात दिवस? नारळा, तूच सांग बाबा, कुठले सात दिवस?”

मिरियम विळीवर बसून खोबरं खवत होती आणि नारळालाच जाब विचारत होती. आपल्याला कोणी ऐकत नाही असं तिला वाटत होतं, कारण आई मोरीत पातेली घासत होती आणि नळ मोठा सोडलेला होता. पण उषानं नळ नुकताच बंद केला होता. हातात घासणी धरून ती तशीच उकिडवी बसून राहिली. लेक एकतीस वर्षांची. कुरकुर करायची तीही नारळाशी, माणसाशी नाही. माणसं मध्येच बोलतात, नारळ निदान ऐकून घेतो.

“मिरू,” उषा मोरीतूनच म्हणाली, “पाचवा म्हण.”

खवायचा आवाज थांबला. मग एसटीचा कंडक्टर गावांची नावं घेतो तशा सुरात एका दमात आलं, “पाळी आली की नवऱ्यापासून वेगळं झोपायचं. पाळी थांबली की सात दिवस मोजायचे. सात झाले की तेबिला घ्यायची, म्हणजे पाण्यात पूर्ण बुडी मारायची. मग जवळ यायचं.”

“शहाणी माझी.”

“मला पाचवा नाही आवडत.”

“आवडायचंय काय त्यात? दुपारी रब्बी आले की म्हणायचा आणि मोकळं व्हायचं.”

“बाकीचे सात म्हणते. पाचवा तू म्हण.”

उषानं नळ पुन्हा मोठा सोडला.

लवळ्याच्या चढावर, कॉलेजांच्या मागच्या अंगाला उषा किहीमकरचं डब्यांचं स्वयंपाकघर होतं. होस्टेलची साठ-सत्तर पोरं तिच्याकडे जेवायची. दर वर्षी जूनमध्ये नवी पोरं आली की तिला एकदा सगळं सांगावं लागे: आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. नाही, परदेशातून नाही आलो, अलिबागकडून आलो. हो, मराठीच बोलतो, दुसरं काय बोलणार? चिकनच्या डब्यात ताक मिळणार नाही, मटणाबरोबर दही मिळणार नाही, आणि शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी दिवेलागणीपर्यंत चूल बंद. पोरं म्हणायची, “मावशी, देव तुमचा आणि उपास आमचा.” उषा म्हणायची, “शुक्रवारी दुपारीच दोन डबे देते ना रे? पहिला लगेच संपवतोस ती माझी चूक?”

मिरियमला घड्याळ कळत नव्हतं. सुटे पैसे कळत नव्हते. अनोळखी माणूस समोर आला की तिची जीभ टाळूला चिकटायची. पण सकाळी ती दोनशे पोळ्या लाटायची, एकही वातड नाही. कुठल्या खोलीतल्या पोराला भेंडी चालत नाही, कुणाला परीक्षेच्या दिवसांत वरण पातळ लागतं, हे तिला न लिहिता ठाऊक होतं. पोरं सुट्टीला घरी निघाली की आधी तिला सांगून जायची.

आणि रविवारी बेनी यायचा. बेंजामिन झिराडकर, वय चौतीस, उरवड्याच्या एका कारखान्यात खोकी बांधायच्या कामाला. त्यालाही आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी उशिरा कळत, पण एकदा कळली की सुटत नसे. आई-वडील गेल्यावर तो थोरल्या बहिणीकडे, डायनाकडे राहत होता, नेऱ्याच्या पुढे एका नव्या सोसायटीत. तीन वर्षांपूर्वी पुण्यात सणाच्या प्रार्थनेला त्याची नि मिरियमची गाठ पडली. तेव्हापासून दर रविवारी दोन बस बदलून तो लवळ्याला येत होता. दोघं मागच्या पायरीवर बसून आठवड्याचा लसूण सोलायची. काय बोलायची कोण जाणे. उषानं दोन-तीनदा दाराआडून कान दिला. एकदा लसणाबद्दल बोलत होती, एकदा कुत्र्याबद्दल, आणि एकदा अर्धा तास काहीच नाही.

हनुक्का सणाचे दिवे लागले त्या आठवड्यात बेनीनं बहिणीला सांगितलं, “मला मिरूशी लग्न करायचंय.” मिरियमनं आईला सांगितलं, “बेनीला इथंच ठेवू या.” उषा त्या दिवशी डाळीला मीठ घालायला विसरली आणि साठ पोरांनी ते निमूट खाल्लं.

आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी एझ्राकाकांचा फोन आला. एझ्राकाका त्यांचे हझान, प्रार्थना चालवणारे, लग्नं लावणारे; उषाचंही त्यांनीच लावलं होतं. ते म्हणाले, “उषा, मी मनाला येईल तसं लावून देणार नाही हं. अशा दोघांचं मी कधी लावलेलं नाही. रब्बींना विचारावं लागेल.”

रब्बी, म्हणजे धर्मगुरू, एफ्राईम वयानं तरुण होते. मूळचे इकडचेच, पण पंधरा वर्षं यरुशलेममध्ये शिकून आलेले, त्यामुळे मराठी आजीची आणि घाई परदेशची. फोनवर त्यांनी उषाला समजावलं होतं.

“ताई, कुणाला बुद्धी किती, हे आपला धर्म मोजत नाही. हळू शिकणाऱ्या माणसाचंही लग्न होतं. विचारायचं एवढंच की आपण काय करतोय हे तिला कळतं का, आणि ती स्वतःहून करतेय का. कळत नसेल तर मी हजार आशीर्वाद म्हणीन, पण लग्न होणार नाही. नुसता समारंभ होईल. आणि अर्धवट कळून झालं तर पुढे सुटायची वेळ आली तरी सुटता येत नाही, कारण घटस्फोटालाही तेवढंच कळावं लागतं. म्हणून मी येतो, दोघांशी बोलतो. पाठ करून घेऊ नका.”

“छे, पाठ कशाला?” उषा म्हणाली होती, आणि फोन ठेवल्याठेवल्या तिनं वहीत आठ प्रश्न आणि आठ उत्तरं लिहिली. यात तिला काही गैर वाटलं नाही. हिब्रू प्रार्थना ती जन्मभर देवनागरीत लिहिलेल्या पुस्तकातून म्हणत आली होती, अर्थ न कळता, एकही शब्द न चुकता. तिच्या नवऱ्यानं तिच्या बोटात अंगठी घालताना जे शब्द म्हटले तेही त्यानं आठवडाभर गच्चीवर फेऱ्या मारून पाठ केले होते. त्याला कोणी थांबवून विचारलं नव्हतं, बाबा रे, कळतंय का?

पण फोन ठेवायच्या आधी रब्बी आणखी एक वाक्य बोलले होते, सहज, घाईत. “आणि हो, एका बाजूनं काही मोठं लपवलं असेल तर ते लग्न मुळातच उभं राहत नाही. पण तुमच्याकडे तसं काही नसेलच.”

“नाही, नाही,” उषा म्हणाली होती.

तसं काही होतं.

चौदा वर्षांपूर्वी, मिरियम सतरा वर्षांची असताना, उषानं तिची गर्भाची पिशवी काढून घेतली होती. त्या वर्षी पोरीला पाळी झेपत नव्हती. दर महिन्याला अंगावरून खूप जायचं, ती घाबरून ओरडायची, कपडे फेकायची. एकदा पिरंगुटच्या बसथांब्यावर तिनं भर गर्दीत सलवार सोडली होती, आणि उषानं आपली ओढणी तिच्याभोवती गुंडाळली तोवर चार फोन वर झाले होते. कोणीतरी पुण्यातल्या एका डॉक्टरचं नाव दिलं. डॉक्टर म्हणाले, अशा मुलींचं करतात बरेच जण, त्रास संपतो. “शिवाय उद्या काही अघटित घडलंच तर निदान...” असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते वाक्य उषानं आजवर मनातही पुरं केलेलं नव्हतं. मिरियमला सांगितलं, पोटात गाठ झालीय, ती काढायचीय. नवरा तेव्हा होता. त्यानं सही केली आणि त्यानंतर मरेपर्यंत तो विषय काढला नाही.

म्हणजे पाचव्या प्रश्नातली ती पाळी, ते सात दिवस, ती बुडी, यातलं मिरियमला काहीच लागू नव्हतं. पण ज्यू नवरीला पहिल्यांदा विचारतात ते हेच. जिला पाळी येते तिनं दिवस मोजायचे. मोजता आले नाहीत तर नवरा-बायकोनं एकत्र राहायचं कसं? मोजायचंच नाही म्हटलं, तर का नाही म्हणून विचारणार. म्हणून गेले चार महिने उषा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लेकीकडून ठिपके काढून घेत होती. चार लाल, मग सात निळे. लाल म्हणजे पाळी, निळे म्हणजे मोजायचे दिवस. हाडाच्या खोट्या बाईलाही सुचलं नसतं, पण उषा काही खोटी बाई नव्हती, ती घाबरलेली बाई होती. एकसष्ट वर्षांची. आपल्यामागे पोरीच्या खोलीत रात्री दिवा लावायला एक माणूस असावा, एवढीच तिची मागणी होती, आणि तो माणूस आपल्या पायांनी दोन बस बदलून आला होता.

अकराच्या सुमारास रंभाबाई आल्या. डब्यांचं घर त्यांचंच, उषा त्यांची भाडेकरू. पण वीस वर्षांत दोघींना त्याची आठवण फक्त करार करायच्या दिवशी व्हायची. रंभाबाईंनी केळीचा फणा ओट्यावर ठेवला.

“ही घे. तुज्या त्या परसादाला.”

“मलिदा म्हणतात त्याला, रंभाबाई. वीस वर्षं सांगतेय.”

“वीस वर्सं खातीया बी. प्वहं, गूळ, खोबरं.”

“साखर.”

“आमी गूळ घातला आसता. बरं, नवस बोलली का तुज्या त्या एलियाबाबाला?”

“एलियाहू हन्नबी. बोललेय. रब्बी हो म्हणाले तर आजच मलिदा, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पुन्हा.”

रंभाबाईंनी विळीपाशी बसलेल्या मिरियमकडं पाहिलं. “काय गं नवरीबाय, झालं का पाठांतर?”

“सात आवडतात. पाचवा नाही,” मिरियम म्हणाली.

रंभाबाईंनी उषाकडं पाहिलं. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर उषाशेजारी त्याच बसल्या होत्या. “उषे,” आवाज उतरवून त्या म्हणाल्या, “त्या पोराच्या भनीला ठावं हाय का?”

“काय?”

“काय म्हंजी? मी काय बोलत न्हाई बाई. मी बोलले की म्हनशील, रंभाबाय बोलली.”

“मग नका बोलू.”

“न्हाईच बोलत. मी कशाला बोलू? माजं काय जातंय?” असं म्हणत रंभाबाई उंबऱ्यातच बसल्या आणि न बोलता पोहे निवडायला लागल्या. पोहे आधीच निवडलेले होते.

उषानं काळ्या मनुकांचं पातेलं उघडून पाहिलं. रात्रभर भिजलेल्या मनुका टरारून फुगल्या होत्या. कुस्करून गाळल्या की त्या रसावर आशीर्वाद म्हणायचा. त्यांच्याकडे द्राक्षारस म्हणजे हाच. मनुका कुस्करताना तिच्या मनात एकच हिशेब चालू होता. डायनाला ठाऊक नाही. पण डायनानं विचारलंही नाही. महिन्याभरापूर्वी फोनवर ती एवढंच म्हणाली होती, “आँटी, तिचं ते दरमहाचं... जमेल ना तिला?” आणि उषा म्हणाली होती, “जमेल की.” डायना इतक्या घाईनं “हो, हो, जमेलच” म्हणाली, की उषाला वाटलं, हिला ऐकायचंच नाहीये. डायना नवऱ्या-मुलांसकट पुढच्या महिन्यात इस्राएलला कायमची निघाली होती. बेनी जायला तयार नव्हता. एकदा त्याला सहा आठवडे तिकडे नेऊन पाहिलं होतं, तर तो जेवेनासा झाला. आता लग्न झालं तर डायना सुटणार होती, आणि नाही झालं तर काय होणार हे डायना कोणाला सांगत नव्हती. पण कुठल्याशा आश्रमाचा फॉर्म बेनीनं घरातल्या टेबलावर पाहिला होता आणि मिरियमला सांगितलं होतं, आणि मिरियमनं ते कणकेला.

दुपारी दोन वाजता गाडी आली. पुढे एझ्राकाका, काठी टेकत. मागे रब्बी, दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, धर्मवचनं ठेवलेल्या छोट्या डबीला, बोटं लावून ती ओठांना टेकवत. मग डायना, आणि सगळ्यात शेवटी बेनी, इस्त्रीच्या निळ्या शर्टात, हातात सोललेल्या लसणाची पिशवी घेऊन.

“अरे, आज कशाला लसूण?” उषा म्हणाली.

“रविवार आहे,” बेनी म्हणाला.

सगळे बसले. पंखा फिरत होता. रब्बींनी चहा नको म्हटलं, मग घेतला. आधी त्यांनी बेनीला जवळ बसवलं.

“बेंजामिन, लग्न म्हणजे काय रे?”

बेनीनं लसणाची पिशवी मांडीवर ठेवली. “मिरू पोळ्या करते. मी डबे बांधतो. संध्याकाळी दोघं.”

“दोघं काय?”

“दोघंच.”

“आणि तुला राग आला तर?”

“बाहेर जाऊन उभा राहतो. मग आत येतो.”

“मिरियमला राग आला तर?”

“ती नाही जात बाहेर. मला पाठवते.”

एझ्राकाका खळखळून हसले. “रब्बी, बावन्न वर्षं माझंही हेच चाललंय.” रब्बीही हसले आणि बेनीच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. उषा मनात म्हणाली, होईल. होतंय. एलियाहू हन्नबी, एवढं पार पाड.

मग मिरियमचा नंबर लागला. साडीचा पदर दोन्ही मुठीत धरून ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

“मिरियम,” रब्बी मऊ आवाजात म्हणाले, “बेनीचं तुला काय आवडत नाही?”

वहीतला पहिला प्रश्न होता, लग्न म्हणजे काय. बेनीचं काय आवडत नाही हा प्रश्न वहीत नव्हता. मिरियमनं आईकडे पाहिलं. उषानं डोळ्यांनीच म्हटलं, बोल. मिरियमनं पहिलं उत्तर दिलं.

“लग्न म्हणजे एकाच माणसाशी जन्मभर राहायचं आणि देवाला साक्षी ठेवायचं.”

“छान. पण मी विचारलं, आवडत नाही असं काय? घोरतो का तो?”

“कतुबा म्हणजे नवऱ्यानं लिहून दिलेला शब्द. तो वाचून दाखवतात.”

“बरं. समज, बेनी म्हणाला, मिरू, आजपासून पोळ्या बंद. तू काय म्हणशील?”

मिरियमनं पुन्हा आईकडे पाहिलं. “अंगठी पहिल्या बोटात घालतात. नंतर... नंतर काढता येते.”

डायना जमिनीकडे पाहत होती. रब्बींनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, आणि उषाला वाटलं, हा मेला कठोर असता तर बरं झालं असतं; कठोर माणसाशी भांडता येतं.

“ताई,” ते म्हणाले, “मी सांगितलं होतं ना, पाठ करून घेऊ नका म्हणून? आता मला तुम्ही ऐकू येताय. ती नाही ऐकू येत.”

“घाबरलीय हो. नवा माणूस समोर आला की तिचं असंच होतं. उद्या पुन्हा विचारा.”

“उद्या नाही, सहा महिन्यांनी मी पुन्हा येईन. पण आज मी हो म्हणू शकत नाही. तिला नाही म्हणता येतं का, हे मला अजून दिसलं नाही. ज्याला नाही म्हणता येतं त्याचंच हो मला धरता येईल.”

“सहा महिने?” डायना म्हणाली. “रब्बी, आमची पुढच्या महिन्याची तिकिटं आहेत. बेनीला मी...” तिनं वाक्य तिथंच सोडलं. या घरात वाक्यं सोडायची सगळ्यांनाच सवय होती.

बेनी उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

उषाचं डोकं सटकलं. “माझ्या लग्नात मला कोणी विचारलं होतं?” ती एझ्राकाकांकडे वळली. “तुम्हीच लावलंत ना काका? मी एकोणीस वर्षांची होते. मला कळत होतं का सगळं? आमच्या ह्यांना हिब्रू कळत होतं? तुम्हाला तरी कळतं का, एकेका शब्दाचा अर्थ?”

“उषा,” एझ्राकाका म्हणाले.

“नाही, आज बोलू द्या. शहाण्यांना कोणी विचारत नाही, आणि माझ्या पोरीची तोंडी परीक्षा! तिला येतं सगळं. आठही येतात. तुम्ही क्रमानं विचारत नाही म्हणून. पाचवा विचारा ना! तो तिला पक्का येतो. चार महिने करतेय ती. दाखव गं मिरू, कॅलेंडर दाखव त्यांना!”

हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा उषाला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

मिरियम उठली. भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिनं रब्बींच्या मांडीवर ठेवलं आणि मागे सरली. रब्बी जरा संकोचले. “हे खरं म्हणजे माझ्या बायकोनं येऊन विचारायचं,” असं म्हणत त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग पुन्हा पहिल्यावर आले. त्यांच्या स्वतःच्या घरात सात वर्षं असं कॅलेंडर चालत होतं. कधी चार दिवस मागे, कधी पाच पुढे, कधी बाळंतपणानं सगळंच कोलमडलेलं. असा हिशेब कसा दिसतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“दर महिन्याला पाच तारखेलाच?” ते हळूच म्हणाले. “चारही महिने? पाच ते आठ?”

उषानं पुढे वाकून कॅलेंडरकडे पाहिलं.

पाच तारीख उषानं निवडली होती, कारण पाचवा प्रश्न, पाच तारीख, पोरीच्या लक्षात राहील. पाळी अशी घड्याळ लावून येत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिची स्वतःची थांबून बारा वर्षं झाली होती.

“मिरियम, हे ठिपके तू काढतेस?”

“हो.”

“कधी काढतेस?”

“आई सांगते तेव्हा.”

एझ्राकाकांनी पंख्याकडे पाहिलं. चौदा वर्षांपूर्वी मायलेकींना दवाखान्यात त्यांनीच आपल्या गाडीतून नेलं होतं. कशासाठी ते विचारलं नव्हतं, आणि परत आणताना त्यांना न विचारताच कळलं होतं. डायनानं पर्स उघडून बंद केली. रंभाबाईंनी उंबऱ्यात बसल्याबसल्या तोंडावर पदर धरला. उषाला आता स्वतःच बोलायचं होतं, खरंच बोलायचं होतं. रब्बी, माझं चुकलं, असं सुरू करायचं. पण चौदा वर्षं जे आत दाबून ठेवलं, त्याला बाहेर यायची वाट राहिली नव्हती. तिनं नुसताच हात वर केला, बस थांबवतात तसा.

रब्बींनी कॅलेंडर बंद केलं. “असू दे,” ते म्हणाले. त्यांनाही पुढचं ऐकायचं नव्हतं. “असू दे ताई. मी पुढे कधीतरी येईन. आज इथंच थांबू.”

ते उठायला लागले. एझ्राकाकांनी काठी शोधली. डायनानं सुटकेचा की दुःखाचा कोण जाणे, पण उसासा सोडला. ओट्यावर मलिद्याचं ताट तयार होतं, पोह्यांवर खोबरं, खोबऱ्यावर केळ्याच्या चकत्या, आणि त्यावर एक माशी फिरत होती.

“नाही,” मिरियम म्हणाली.

रब्बी अर्धवट उठलेले तसेच थांबले.

“जायचं नाही. माझं झालं नाही.” तिचा पदर मुठीतून सुटला होता. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, ओट्यावरच्या नारळाच्या रिकाम्या करवंटीकडे बघत होती, आणि आवाज सकाळचाच होता, विळीवरचा. “बेनी चावत बोलतो. ते मला आवडत नाही. तोंडात घास असताना बोलतो. आणि तो म्हणाला पोळ्या बंद, तर मी म्हणेन, तू कोण सांगणार? मी पोळ्या करणार.”

बेनी दारात येऊन उभा राहिला.

“मिरू, पुरे,” उषाला एवढंच जमलं.

“पुरे नाही. पाचवा राहिला.” मिरियमनं बोट करवंटीवर ठेवलं. “मला पाळी येत नाही. मी सात दिवस मोजत नाही, मी नुसते ठिपके काढते. माझी गाठ नव्हती. माझी पिशवी काढली. नर्सबाई बोलत होत्या, मी झोपले नव्हते. रंभाबाई पण बोलल्या बाकावर. सगळे माझ्यासमोरच बोलतात. मला मूल होणार नाही. बेनीला मी लसूण सोलताना सांगितलं.”

“दुखलं होतं का, विचारलं मी,” बेनी दारातून म्हणाला. “खूप दुखलं होतं तिला.”

मिरियमनं मान वर केली आणि पहिल्यांदाच रब्बींच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

“तुम्ही आज विचारलंत, म्हणून सांगते. तेव्हा मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं.”